आवाजाविना ॲडजस्टमेंट: मणक्यांची हळुवार हाताळणी टेबलावर कशी चालते

बादली भरलेलीसुद्धा नव्हती, अर्धीच होती. ती बाजूला सरकवायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की मोरीच्या कठड्याला धरून दहा मिनिटं तशीच उभी राहिले. सासूबाईंचा पहिला प्रश्न: "आपल्या बिल्डिंगीत पायाळू कोण आहे गं?" उसणीवरचा हा आपला जुना उतारा, पायाकडून जन्मलेल्या माणसाने कमरेला पाय लावायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या दहावीतल्या पोराने लाजत लाजत तीनदा पाय लावला. गुण आला का? थोडा आला. उसण बहुतेकदा आपणहून उतरते, आणि कुणी मायेने हात (किंवा पाय) लावला की आखडलेलं अंग जरा सैल पडतं, हे पुढे कळलं.

त्यानंतरच्या सहा वर्षांत मी बऱ्याच टेबलांवर पालथी पडले. कायरोप्रॅक्टरच्या (म्हणजे मणके हातांनी हाताळून दुखणं हलकं करू बघणाऱ्याच्या), फिजिओच्या, एकदा तर गावाकडच्या हाडवैद्याच्या सतरंजीवरही. मी डॉक्टर नाही. पण टेबलावर पडणाऱ्याला काय माहीत असावं ते आता बऱ्यापैकी माहीत झालंय. आधीच कुणी सांगितलं असतं तर बरेच पैसे आणि एक दुखरी मान वाचली असती. मोबाइलवर फिरणारे ते कडाकड व्हिडिओ म्हणजे सगळं कायरोप्रॅक्टिक नव्हे. त्यात हळुवार प्रकार पुष्कळ आहेत, ते आपण मागून घेऊ शकतो, आणि रोजच्या साध्या कंबरदुखीसाठी मी तरी दुसरं काही मागणार नाही.

तो आवाज कसला असतो

सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि पोकळी तयार होते, त्याचा तो 'कट्ट'. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून हे प्रत्यक्ष चित्रित केलं. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात, हा आपलाही अनुभव. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तर सुमारे 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हातांत काडीचा फरक पडला नाही आणि 2009 मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं! सांगायचं इतकंच, की आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही, आणि आला नाही म्हणून पैसे वाया गेले असंही नाही.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म 18 सप्टेंबर 1895 चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावातला. डॅनियल डेव्हिड पामर हे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ. त्यांनी इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीचा मणका दाबला आणि लिलार्ड यांना ऐकू येऊ लागलं, अशी ती कथा. त्यावरून पामर यांनी मांडलं की जवळपास सगळ्या रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात आहे. ही 'सबलक्सेशन'ची कल्पना आजही काही दवाखान्यांच्या भिंतीवर रंगीत तक्त्यात टांगलेली दिसते. अमुक मणका म्हणजे पोट, तमुक मणका म्हणजे मूत्रपिंड. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच 2010 मध्ये स्पष्ट केलं की असं सबलक्सेशन रोगाचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. तेव्हा कुणी मणके सरळ करून दमा किंवा मधुमेह घालवतो म्हणाला, तर पर्स उचलायची आणि निघायचं.

कंबरदुखीची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याविषयीची नीट समज आणि मसाज यांच्या पंगतीत मणक्यांच्या हाताळणीलाही जागा आहे. कमरेला पट्टे बांधणं आणि वजनं लावून ताण देणं मात्र सरसकट करू नका, असं त्यातच म्हटलंय. माझ्या कपाटात तसले दोन पट्टे आहेत.

कुणी टेबलावर चढूच नये

हा भाग घाईत वाचू नका. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला नि बसायच्या जागी बधिरपणा येणं, यातलं काहीही असेल तर कायरोप्रॅक्टर नको, फिजिओही नको. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठायचा. कण्याच्या खालच्या टोकाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची ती खूण असते आणि तिथे तासांचा हिशोब असतो. पाऊल उचलता न येणं, चालताना चप्पल घसटणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होत जाणं, हेसुद्धा आधी डॉक्टरांनाच दाखवायचं.

पाठदुखीबरोबर बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी आठवला पाहिजे. तिथे हाड आतून पोखरलेलं असू शकतं. त्यावर हलका दाबही नको. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, बरीच वर्षं घेतलेली स्टिरॉइडं, हाडांचा ठिसूळपणा (उंची कमी झालेली आजी म्हणजे बहुधा तोच), संधिवातातला ऱ्हुमॅटॉइड प्रकार, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (कणा हळूहळू जखडत जाणारा संधिवात), रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ही यादी डॉक्टरांना दाखवून होकार घेतल्याशिवाय कुणाचाही हात पाठीला लावून घेऊ नका. गरोदरपणात हळुवार प्रकार केले जातात, पण आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आणि पालथं न झोपता.

माणूस कसा शोधायचा

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतो, आणि लावतातही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या शिक्षणाचं किमान माप सांगितलं ते 4200 तासांचं, त्यातले 1000 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवरचे. चार दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असेल तर मनातल्या मनात वजाबाकी करा. मी सरळ विचारते: "पदवी कुठली, किती वर्षांची?" खरं शिकलेला माणूस या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलतो.

आपल्याकडचा सोपा मार्ग फिजिओथेरपिस्टचा. मणक्यांची हळुवार हाताळणी त्यांच्या अभ्यासक्रमात असते आणि महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. 'मॅन्युअल थेरपी करता का?' असं फोनवरच विचारायचं, नाहीतर तीन दिवस नुसता शेक आणि करंट घेऊन परत याल.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

पहिली पंधरा-वीस मिनिटं तुम्हाला कुणी हात लावता कामा नये, नुसतं बोलणं. दुखणं कधीपासून, खोकताना-शिंकताना वाढतं का, पायात उतरतं का, झोप मोडते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग तपासणी: टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलतील. गुडघ्यावर हातोडी मारतील. पायांच्या दोन्ही बाजूंना स्पर्श सारखा कळतो का ते बघतील. यातलं काहीच न करता थेट पालथं झोपवलं, तर मी उठून बसते.

एमआरआयचा रिपोर्ट हातात असेल तर त्यातल्या 'डिस्क बल्ज' (दोन मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) या शब्दाने हबकू नका. 2015 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांमध्येही विशीत 30 टक्क्यांना आणि ऐंशीत 84 टक्क्यांना असा फुगवटा दिसला. आपल्याकडे त्यालाच 'गॅप पडली', 'गादी सरकली' म्हणतात आणि मग माणूस वाकायलाच घाबरतो.

शेवटी एक शब्द ठरवून घ्या. मी "थांबा" म्हटलं की हात लगेच सुटला पाहिजे. "सैल सोडा हो, काही होत नाही" असं म्हणत दाब चालू ठेवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा गेलेले नाही.

टेबलावर: प्रकार एकेक करून

सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात मानवलेला प्रकार म्हणजे हातांनी दिलेली लयबद्ध हालचाल, मोबिलायझेशन. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलँड यांनी तिच्या पायऱ्या लावल्या. पहिल्या पायरीत सांध्याच्या हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी बारीक हेलकावे. दुसरीत मोठे, पण कुठे अडत नाही तेवढेच. तिसरीत अडेल तिथपर्यंत मोठे, चौथीत त्या टोकाशी बारीक. पाचवी म्हणजे तो प्रसिद्ध झटका. दुखणं ताजं असेल तर पहिली-दुसरी, नुसता ताठरपणा उरला असेल तर तिसरी-चौथी. प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही पालथे, पोटाखाली उशी, तोंड टेबलाच्या भोकात. तळहाताची कड मणक्याच्या उंचवट्यावर येते आणि सेकंदाला दोन-तीन या वेगाने दाब येतो-जातो, येतो-जातो. अर्धा-एक मिनिट. मग विचारणा, "आता कसं?" मग पुढचा मणका. कण्याला हलणारे मणके 24 असतात: मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5. चांगला हात एकेकापाशी थांबत खाली येतो आणि एका ठिकाणी म्हणतो, "हा बघा, हा हट्टी आहे." गंमत म्हणजे आपल्यालाही तो कळतो.

दुसरा प्रकार तुमच्याच ताकदीवर चालतो, स्नायूऊर्जा तंत्र. ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायूंवर हातांनी उपचार करणारे, फ्रेड मिचेल यांनी तो बसवला. समजा कमरेचा डावा भाग आखडलाय. तुम्हाला कुशीवर झोपवून पाय अशा बेताने धरतात की ताण नुकता सुरू होईल. मग म्हणतात, "माझ्या हाताविरुद्ध ढकला, पण पाव ताकदीनेच." पाच-सात सेकंद ढकलायचं, सोडायचं, श्वास बाहेर. सोडलेल्या क्षणी स्नायू ढिला पडतो आणि पाय एक बोटभर पुढे जातो. असं तीन ते पाच वेळा. आपल्या माणसांची चूक ठरलेली: पाव ताकद सांगितली की आपण कुस्तीला उतरतो. जोर लावला की स्नायू उलट हट्टाला पेटतो.

तिसरा, चकतीच्या दुखण्यासाठी खास: फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन. जेम्स कॉक्स या कायरोप्रॅक्टरांनी तो रुळवला. टेबल दोन भागांचं असतं, कमरेखालचा भाग बिजागरीवर खाली झुकतो. आधी सहनशीलतेची चाचणी: पायाला न बांधता, नुसत्या हाताने हलका ताण देऊन बघतात. पायात कळ गेली तर आजचा कार्यक्रम रद्द. नाही गेली तर एका हाताने दुखऱ्या मणक्याच्या वरचा मणका धरतात, दुसऱ्या हाताने टेबल खाली झुकवतात. चार सेकंदांचं एक आवर्तन, अशी पाच म्हणजे 20 सेकंद, आणि असे तीन फेरे. पहिल्यांदा केलं तेव्हा मला झोपाळ्याची आठवण झाली. कुणीतरी कमरेतून हळूच वाळू काढून घेतंय असं वाटत होतं. ताण कमरेतच जाणवला पाहिजे. घोट्याशी, गुडघ्यामागे किंवा बरगडीत ओढ बसली तर लगेच सांगा.

ड्रॉप टेबल ऐकायला भयंकर आणि अनुभवायला किरकोळ. टेबलाचा एक तुकडा जेमतेम इंचभर वर उचलून ठेवलेला असतो. त्यावर माकडहाडाच्या वरचा भाग येतो. हाताने हलकासा झटका दिला की तो तुकडा खट्टकन खाली बसतो. आवाज लाकडाचा-लोखंडाचा, तुमचा नव्हे! जोर टेबल खातं. हे क्ले थॉम्पसन यांचं डोकं.

ॲक्टिव्हेटर म्हणजे मोठ्या पेनासारखं स्प्रिंगचं उपकरण, पुढे रबराचं बोंड. आर्लन फुर यांच्या नावाशी ते जोडलेलं आहे. पालथं झोपवून दोन्ही टाचा जुळवून बघतात, कुठला पाय आखूड दिसतो ते टिपतात, मग मणक्याशेजारी टिक, टिक. प्रत्येक ठोका काही मिलिसेकंदांचा. स्टेपलर कपड्यावरून मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. ठिसूळपणाच्या काठावर असलेल्या आणि झटक्याला घाबरणाऱ्या माणसांना हा देतात. ते टाचा जुळवण्याचं प्रकरण मात्र मला फारसं पटलेलं नाही. झोपण्याच्या पद्धतीनेही टाच पुढेमागे दिसते. पहिल्यांदा डावा पाय आखूड सांगितला, आठवड्याने उजवा.

पाचर लावण्याच्या पद्धतीत तर कुणी दाबतच नाही. कमरेच्या हाडांखाली दोन उतरत्या गाद्या तिरप्या लावतात आणि काही मिनिटं पडून राहायला सांगतात. आपलं वजनच काम करतं. ही मेजर बर्ट्रँड डीजार्नेट यांची. 'मेजर' हे त्यांचं नावच, हुद्दा नव्हे. उपयोग किती ते मी सांगू शकत नाही, झोप मात्र छान लागते.

मानेचा वेगळा नियम

मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. मान फिरवून झटका दिला तर क्वचित त्यांचं अस्तर फाटतं, रक्ताची गाठ होते आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचित म्हणजे क्वचितच, पण होतं ते परतवता येत नाही. म्हणून सलूनमधल्या चंपीनंतर हनुवटी धरून कडकन मान मोडून घेणं आजपासून बंद. माझी दुखरी मान अशाच एका झटक्याची, तो देणारा न्हावी नव्हता इतकंच. पूर्वी कधी न झालेलं मान-डोक्याचं तीव्र दुखणं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर, यातलं काहीही असेल तर मानेला हात नको, थेट हॉस्पिटल.

मान आखडली तर मागण्यासारखं काय? पहिल्या-दुसऱ्या पायरीचं मोबिलायझेशन, पाव ताकदीचं स्नायूऊर्जा तंत्र, आणि खांद्यांमधल्या पाठीवर काम. पाठीचे वरचे मणके मोकळे झाले की मानेवरचा बराचसा भार उतरतो. "मानेला झटका नको" हे टेबलावर चढण्याआधी, बसलेलं असताना म्हणायचं. तोंड भोकात गेल्यावर आवाज कुणाला ऐकू येतो?

उतरल्यावर आणि घरी

टेबलावरून थेट उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातांनी रेटून उठा. मग दवाखान्याबाहेर दहा मिनिटं चाला. लगेच स्कूटरला किक नको. मी तेवढ्यासाठी रिक्षाचे पैसे बाजूला ठेवते. एखादा दिवस, फार तर दोन, अंग मोडून आल्यासारखं दुखतं. तेवढं चालतं. दुखणं पायातून वर सरकत कमरेत गोळा होत असेल तर कमरेत जरा जास्त दुखलं तरी ते चांगलं लक्षण. उलट कमरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरत असेल तर पुढची बैठक रद्द करून आधी फोन.

घरी दोन-तीन गोष्टी पुरतात. एक, पाय खुर्चीवर टेकून जमिनीवर उताणं पडायचं, नितंब आणि गुडघे काटकोनात, दहा मिनिटं. दोन, ओणवं होऊन पाठीची मांजर करायची आणि मग सैल सोडायची, सावकाश सात-आठ वेळा. तीन, त्याच ओणव्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, दहा सेकंद, मग बाजू बदल. पाठीवर स्टीलची वाटी ठेवली तर ती पडायला नको. मुलांना हा खेळ फार आवडतो. पण त्याच मुलांना पाठीवर उभं राहून नाचायला लावू नका. मांड्यांवर, पोटऱ्यांवर चालतील, कण्यावर नाही.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणं टाळा. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. केर काढणं, बादल्या उचलणं, हे सगळं आपण नेमकं त्याच तासात उरकतो. मी केर आठनंतर काढते. घरच्यांना याची सवय व्हायला दोन महिने लागले.

किती बैठका

एका ठिकाणी मला पहिल्याच दिवशी 24 बैठकांचं पॅकेज दाखवलं होतं, आजच पैसे भरले तर सवलत. माझी पाठ तपासायच्या आधी! तसं काही घेऊ नका. दोन ते चार आठवडे, सहाच्या आसपास बैठका, आणि मग हिशोब. हिशोबासाठी पहिल्या दिवशी वहीत तीन वाक्यं लिहा, न जमणाऱ्या तीन गोष्टी. 'दुखणं दहापैकी सात' असलं मोघम नको. माझी होती: सँडलचा बंद वाकून लावता येत नाही, कुकर ओट्यावरून उचलता येत नाही, कात्रज ते हिंजवडी स्कूटरवर बसवत नाही. चौथ्या बैठकीला पहिलं वाक्य खोडलं, सहाव्याला दुसरं. तिसरं अजून तसंच आहे. त्यासाठी मी बसचा पास काढलाय.